रीलोडिंगसाठी घरचं भक्कम वर्कबेंच: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणारा माणूस कधी ना कधी खाली पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचायला लागतो. नवीन घ्यायची तर काडतुसातला सहसा सगळ्यात महाग भाग म्हणजे ही पुंगळी, आणि ती परत परत वापरता येते. नवा प्रायमर (पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी छोटी टोपी), मोजलेली पावडर म्हणजे बंदुकीची दारू, आणि नवी गोळी घातली की काडतूस पुन्हा तयार. यालाच रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायला बनवणार असाल तर लागतो. राज्याचे, शहराचे आणि तुमच्या भाडेकराराचे नियम मात्र वेगळे असू शकतात, ते आधी वाचा.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. सुतारकाम म्हणून हा लेख खुशाल वाचा, बेंचही बांधा. त्यावर रंधा चालवा, सायकलची चाकं सरळ करा, पण प्रेस, म्हणजे रीलोडिंगचं दांड्याने चालणारं यंत्र, बसवायचा विचार सोडा. पुढे जे लिहिलंय ते अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणून लाकडाची मापंही तिथल्या दुकानांतली दिली आहेत.

किती ग्रेन (ग्रेन हे वजनाचं अगदी छोटं माप) पावडर, कोणती गोळी, हे इथे मिळणार नाही. ते छापील लोड मॅन्युअलमधूनच घ्यायचं असतं. हा लेख फक्त बेंचचा आहे.

बेंचला त्रास वजनाचा नाही, हिसक्याचा

नवखा माणूस बेंच बघायला गेला की आधी विचारतो, हे किती पौंड पेलेल? तो प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. प्रेस आणि त्यावरचं सगळं सामान धरूनही वजन असं काही मोठं होत नाही, आणि जेवणाचं टेबलही तेवढं सहज पेलतं. तरीही जेवणाच्या टेबलावर प्रेस लावून चालत नाही, कारण प्रेसचा दांडा हापशासारखा चालतो. हापसा कितीही चांगला असला तरी खालचा ओटा कच्चा असेल तर महिन्याभरात सगळं डुगडुगायला लागतं.

नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं प्रत्येक माप का धरलंय ते कळेल. थर्टी-ऑट-सिक्ससारखी मोठी रायफलची पुंगळी डायमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या पोलादी साच्यात, घालून मूळ आकारात आणताना दांडा खाली दाबावा लागतो आणि जोर चांगलाच लागतो. त्या वेळी बेंचची पुढची कड खाली ओढली जाते आणि प्रेसच्या बुडाची मागची बाजू वर उचलायला बघते. मग पुंगळी बाहेर काढताना डायमधला एक्स्पांडर (पुंगळीचं तोंड आतून रुंद करणारा गोळा) तिच्या तोंडातून खेचत येतो. आता तुम्ही दांडा वर ओढताय, आणि हलकं बेंच असेल तर त्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटतात. खाली, वर, खाली, वर, एका बैठकीत शेकडो वेळा. साध्या स्क्रूंवर जोडलेलं टेबल यात ढिलं होतं. ढिल्या बेंचवर दांड्याचा जोर प्रत्येक वेळी वेगळा लागतो, गोळी किती खोल बसतेय ते हाताला नीट कळत नाही, आणि शेजारी तराजू असेल तर तोही थरथरतो.

म्हणून या कामात तीन गोष्टींवर पैसे आणि वेळ घालवायचा: जाड तक्ता, बोल्टने आवळलेले सांधे, आणि भिंतीला किंवा वजनाला जखडलेली चौकट. पॉलिश, ड्रॉवर, रंग वगैरे सवडीने.

उंची आधी ठरवा, लाकूड नंतर आणा

उभ्याने काम करायचं की बसून, हे आधी ठरवा. उभ्याने करणाऱ्यांची बेंचं साधारण 36 ते 42 इंच उंच असतात, बसून करणाऱ्यांची जेवणाच्या टेबलाइतकी, म्हणजे 30 इंचांच्या आसपास. माझं मत उभ्याच्या बाजूने आहे. दांडा खाली नेताना अंगाचा भार वापरता येतो आणि खांदा दुखत नाही. बसायची हौस असेल तर उंच स्टूल घ्या.

आकडा पुस्तकातून घेऊ नका. प्रेस घरी आला असेल तर तो एखाद्या पेटीवर ठेवा, कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दांडा वरपासून खालपर्यंत फिरवून पाहा. दांडा तळाला गेल्यावर कमरेत वाकावं लागत असेल तर उंची कमी पडतेय. दांडा वर असताना हात खांद्याच्या वर जात असेल तर जास्त झाली. प्रेसखाली घालायचे लोखंडी स्टँडही मिळतात, ते प्रेसला काही इंच वर उचलतात. तसा घेणार असाल तर बेंच त्या मानाने बुटकं ठेवा.

खालचा हिशेब 38 इंच उंच, 6 फूट लांब आणि 2 फूट रुंद बेंचचा आहे.

सामान

टू-बाय-फोर म्हणून जे लाकूड विकतात ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, आणि फोर-बाय-फोर साडेतीन बाय साडेतीन. नावावरून माप धराल तर सगळे सांधे चुकतील. आणायचं ते असं:

- 8 फुटी फोर-बाय-फोर, 2 नग (पाय)
- 8 फुटी टू-बाय-फोर, 7 नग
- 4 बाय 8 फुटांचा पाऊण इंची प्लाय, 1 शीट
- पाव इंची टेम्पर्ड हार्डबोर्ड, तक्त्याच्या मापाचा
- 3/8 इंच जाड, 6 इंच लांब कॅरेज बोल्ट, 16 नग, त्यांचे नट आणि वॉशर
- सव्वा इंची आणि 3 इंची स्क्रू, लाकडाचा पिवळा ग्लू

लाकूड स्वतः निवडा, दुकानातल्या पोराला उचलायला लावू नका. प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीत पाहा. पीळ असलेली लगेच परत ठेवा. थोडी कमान असेल तर चालते, फक्त ती बाजू जुळवणीत वर ठेवायची. पट्टीवरच्या शिक्क्यात केडी अशी अक्षरं असतील तर लाकूड भट्टीत सुकवलेलं आहे, तेच घ्या. ओलं लाकूड घरात सुकतं, आकसतं आणि आवळलेले बोल्ट आपोआप ढिले पडतात. त्याच कारणासाठी बाहेरच्या कुंपणासाठीचं, कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेलं हिरवट लाकूड इथे नको. टेक्सास-जॉर्जियाकडे सदर्न यलो पाइन मिळतं. ते जड असतं, स्क्रू घालताना शिव्या येतात, पण या कामाला ते वजन हवंच.

प्लायऐवजी पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ घ्यायचा मोह होईल, कारण पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंमत कमी. पण प्रेसचे बोल्ट जिथे हिसका देतात तिथे तो भुसभुशीत होऊन चुरतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून तो तग धरतो.

कापणी आणि चौकट

प्लायची शीट दुकानातच लांबीत मधोमध कापून घ्या. करवतीच्या पात्यात थोडं लाकूड जातं, त्यामुळे प्रत्येक पट्टा 24 इंचांपेक्षा किंचित कमी भरेल. काही बिघडत नाही. दोन्ही पट्टे 72 इंचांवर कापले की तक्त्याचे दोन थर झाले, आणि 24 इंची दोन चौकोन उरले. ते जपून ठेवा.

पायांसाठी तक्त्याची जाडी वजा करा: प्लायचे दोन थर दीड इंच, हार्डबोर्ड पाव इंच. 38 मधून पावणेदोन गेले, उरले सव्वाछत्तीस. चारही पाय एकत्र बांधून एकदम खूण करा, वेगवेगळं मोजू नका.

चार टू-बाय-फोर 66 इंचांवर कापा. या लांब आडव्या पट्ट्या: दोन वर, दोन खाली. प्रत्येकातून साधारण 30 इंचांचा तुकडा उरतो, त्यातून 18 इंची छोट्या आडव्या निघतात. डाव्या-उजव्या बाजूंना वर-खाली मिळून चार, आणि मध्ये वर दोन, खाली एक, अशा एकूण सात लागतील. उरलेल्या तीन पाचव्या टू-बाय-फोरमधून काढा. बाकीचे दोन टू-बाय-फोर तिरक्या आधारांसाठी.

लांब आडव्या पायांच्या बाहेरच्या अंगाला बसवायच्या, वरच्या पायाच्या माथ्याशी सपाट आणि खालच्या जमिनीपासून सहा-सात इंचांवर. छोट्या आडव्या दोन लांब आडव्यांच्या मध्ये येतात. टोकाच्या छोट्या आडव्या पायाच्या बाहेरून लागतात. म्हणजे चौकट 66 बाय 21 इंच होते. आधी सगळं क्लॅम्पने धरून जुळवा, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आली. गुण्या लहान असतो आणि एवढ्या लांबीवर फसवतो. कर्ण फसवत नाही.

आता ग्लू लावून प्रत्येक सांध्यात दोन कॅरेज बोल्ट. लांब आडवी दीड इंच आणि पाय साडेतीन, मिळून पाच इंच, म्हणून 6 इंची बोल्ट. दोन भोकं एकाखाली एक सरळ रेषेत पाडू नका, थोडी तिरपी ठेवा, नाहीतर रेषेच्या बाजूने लाकूड चिरतं. बोल्टचं गोल डोकं बाहेर आणि नट आत, म्हणजे मांडी खरचटणार नाही. छोट्या आडव्यांना 3 इंची स्क्रू पुरतात, पण आधी बारीक भोक पाडून घ्या.

तक्ता चिकटवण्याआधी प्रेस मांडून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. तक्ता पुढच्या बाजूला चौकटीच्या साधारण 3 इंच बाहेर येणार आहे. प्रेसच्या बुडातली मागची भोकं नेमकी पुढच्या आडवीच्या डोक्यावर आली तर खालून नट आवळायला जागाच राहत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर प्रेसच्या बुडाचा छाप काढा, तो प्लायच्या कडेला लावा आणि खाली काय येतंय ते पाहा. भोकं आडवीवर येत असतील तर तक्ता अर्धा-एक इंच पुढे-मागे सरकवा. आत्ता ते सोपं आहे.

जागा निवडताना प्रेस दोन पायांच्या मधोमध नको. मध्यभागी तक्ता सगळ्यात जास्त लवतो. पायाला लागून, पण भोक पायाच्या लाकडात जाणार नाही इतक्या अंतरावर बसवा. दांडा पूर्ण फिरताना बाजूच्या भिंतीला किंवा शेल्फला लागत नाही ना, तेही पाहा. आरसीबीएस कंपनीच्या रॉक चकरसारख्या प्रेसमध्ये खालचा सांधा बेंचच्या कडेपुढे, तक्त्याच्या पातळीखाली फिरतो. त्यामुळे तिथे ड्रॉवर, पट्टी, काहीही नको.

आता प्लायचे दोन थर. भरपूर ग्लू, दोन्ही कडा जुळवून खालून सव्वा इंची स्क्रू, सात-आठ इंचांच्या अंतराने. दीड इंच जाडीत सव्वा इंची स्क्रू वर डोकावत नाही. प्रेसच्या भोकांच्या जागी स्क्रू घालू नका, नाहीतर पुढे ड्रिलचं टोक त्यावर आपटेल. एक रात्र जाऊ द्या. मग तक्ता चौकटीवर ठेवून वरून 3 इंची स्क्रूंनी बसवा आणि त्यावर हार्डबोर्ड चार-सहा छोट्या स्क्रूंनी, ग्लू न लावता. दोन-तीन वर्षांनी डागाळला की उलटा करायचा किंवा बदलायचा. प्रेसच्या बुडाखाली मात्र हार्डबोर्ड कापून काढा. प्रेस थेट प्लायवर बसू दे.

वर पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात मारा. दिसायला छान वगैरे सोडा. जुन्या प्रायमरच्या राखेत आणि उघड्या गोळ्यांवर शिसं असतं, आणि ते ओल्या फडक्याने पुसता आलं पाहिजे. कच्च्या लाकडात ते मुरतं. पृष्ठभाग फिकट असेल तर सांडलेले पावडरचे काळे कण चटकन दिसतात. मागे आणि बाजूंना पाव इंच उंचीची बारीक पट्टी ठोका, प्रायमर घरंगळत खाली जाणार नाहीत.

जखडणं

लांबीच्या दिशेने बेंच डुलू नये म्हणून मागच्या बाजूला टू-बाय-फोरचे दोन तिरके आधार द्या, खालच्या कोपऱ्यातून वरच्या आडवीच्या मध्याकडे. प्रेस मात्र पुढे-मागे हिसके देतो, त्याला भिंतच हवी. अमेरिकन घरांत प्लास्टरच्या पाट्यांमागे लाकडी खांब साधारण 16 इंचांवर असतात. स्टड फाइंडरने ते शोधा आणि मागची वरची आडवी लांब स्क्रूंनी थेट त्या खांबांना लावा. नुसत्या पाटीत घातलेला स्क्रू कितीही जाड असला तरी निघून येतो.

गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते. पाणसळ लावा आणि पुढच्या पायांखाली पाचर घाला, मगच भिंतीला आवळा. उलट क्रमाने केलं तर पाय हवेत लटकतात.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही. तिथे खालच्या आडव्यांवर प्लायचे उरलेले दोन चौकोन 21 इंच रुंदीला कापून शेजारी शेजारी टाका. दोन्ही मिळून 48 इंचांचं शेल्फ होतं आणि पायांच्या मध्ये बरोबर मावतं. त्यावर वाळूची पोती ठेवा. गोळ्यांचे डबेही इथेच: 7000 ग्रेनचा एक पौंड, म्हणजे 230 ग्रेनच्या 500 गोळ्या जवळजवळ साडेसोळा पौंड. असे चार-पाच डबे म्हणजे फुकटचं वजन.

प्रेस बसवणं

लाकडाचा साधा स्क्रू नको, लॅग स्क्रूही (पान्याने आवळायचा जाड स्क्रू) नको. तक्त्याच्या आरपार जाणारा बोल्ट, आणि खाली जाडसर लोखंडी पट्टी. पट्टी नसेल तर निदान रुंद वॉशर. छोटा वॉशर हळूहळू प्लायमध्ये रुततो आणि बोल्ट सैल होतो. नायलॉनचे लॉकनट वापरले तर बरं. दोन-तीन वेगवेगळे प्रेस आळीपाळीने लावायचे असतील तर प्रत्येक प्रेस वेगळ्या जाड पाटावर बसवून तो पाट बेंचला बोल्ट करा, दर वेळी नवी भोकं पाडू नका.

तराजू बेंचवर नको

इतकं भक्कम बेंच बांधूनही तराजू मी त्यावर ठेवणार नाही. पावडर ग्रेनच्या दशांशात मोजायची असते. त्याला भिंतीवर वेगळं छोटं शेल्फ करा, बेंचला कुठेही न टेकणारं. दांडीचा तराजू असेल तर काटा डोळ्यांच्या रेषेत येईल अशा उंचीवर, नाहीतर तिरप्या नजरेने आकडा चुकतो. एसीचा झोत त्यावर येऊ देऊ नका. इलेक्ट्रॉनिक तराजू तर वाऱ्याच्या झुळकीनेही भरकटतो.

दिवा सढळ हाताने लावा. वर एक लांब एलईडी, आणि हलवता येईल असा एक छोटा. पावडर भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून प्रत्येकीत वाकून बघायचं असतं, पातळी सारखी आहे ना. एखादीत दोनदा पडली असेल तर ती इथेच सापडली पाहिजे. बंदुकीत सापडली तर हात जाऊ शकतो. त्याच कारणासाठी बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की मेझरमधली, म्हणजे पावडर मापून टाकणाऱ्या साधनातली, पावडर परत त्याच डब्यात.

साठवण

पावडर बेंचखाली साठवायची सोय करू नका. ती मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी. टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टी होतं, आणि गॅसचा वॉटर हीटर तिथेच असेल तर ती जागा बादच. घट्ट बंद होणाऱ्या लोखंडी पेटीत किंवा तिजोरीत ठेवणं तर सगळ्यात वाईट: आग लागली तर उघड्यावर ती नुसती जळते, कोंडली तर फुटते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या 495 क्रमांकाच्या मानकानुसार घरात मूळ डब्यांत 20 पौंडांपर्यंत पावडर ठेवता येते. 20 ते 50 पौंडांसाठी किमान एक इंची फळ्यांची लाकडी पेटी लागते. प्रायमरची घरातली मर्यादा 10,000. स्थानिक अग्निशमन नियम याहून कडक असतील तर ते पाळायचे. प्रायमर पावडरपासून वेगळे, आणि दोन्ही कुलपात, घरात मुलं असोत वा नसोत.

सांडलेली पावडर ब्रश आणि सुपलीने भरा, व्हॅक्यूमने कधीच नाही. त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. बेंचखाली गालिचा नको. चहाचा कप दुसऱ्या खोलीत, आणि उठताना हात साबणाने धुवून.

चाचणी

पावडर आणि प्रायमर बेंचपासून लांब ठेवा, तक्त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवा आणि वंगण लावलेली एक मोठी रिकामी पुंगळी डायमधून काढा. पाणी थरथरलं तर हरकत नाही, सांडलं तर दोष शोधायचा. बेंच लांबीत डुलत असेल तर तिरके आधार कमी पडलेत. पुढे-मागे हलत असेल तर भिंतीचे स्क्रू खांबात गेलेले नाहीत. चौकट स्थिर आहे पण प्रेस मान डोलावतोय, तर तक्ता लवतोय: प्रेसखाली दोन आडव्यांमध्ये उभा टू-बाय-फोरचा ठोकळा घट्ट बसवा, किंवा खालची लोखंडी पट्टी मोठी करा. आणि पहिला हिवाळा सरल्यावर, हीटरने लाकूड आकसलेलं असताना, सोळाच्या सोळा बोल्ट पाना घेऊन पुन्हा एकदा आवळा.